ट्रान्सप्लांटनंतर माणूस विसरायला लागला: विषाणू की औषध?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय. त्यांचे दाजी, वय ३४, रक्ताचा कॅन्सर. सख्ख्या भावाच्या, अर्ध्या जुळणाऱ्या स्टेम सेल्स (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) देऊन पुण्यात ट्रान्सप्लांट झालं. आज २६ वा दिवस. हॉस्पिटलजवळच राहा असं सांगितलं होतं, पण खोलीचं भाडं झेपेना म्हणून गेल्या आठवड्यात गावी आणलं. चार दिवस झाले, झोप नाही, तेच तेच विचारतात, परवा एक फिट येऊन गेली. रक्तातलं सोडियम १२२, म्हणजे खूप उतरलेलं. बेळगावात एमआरआय केला, तो नॉर्मल. रक्तात एचएचव्ही-६ नावाचा विषाणू सापडला. एक डॉक्टर म्हणतात हा टॅक्रोलिमसचा, म्हणजे दात्याच्या पेशी शरीरावर उलटू नयेत म्हणून देतात त्या औषधाचा त्रास, दुसरे म्हणतात व्हायरस मेंदूत गेला. तपासणीसाठी पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढायला घरचे तयार नाहीत. आता काय करायचं?

सर, तातडीचं आधी सांगते. हे उत्तर वाचून संपायच्या आत ट्रान्सप्लांट केलेल्या डॉक्टरांना फोन लावा आणि दाजींना मोठ्या रुग्णालयात भरती करा. एकदा फिट आलेला, सोडियम १२२ असलेला, ट्रान्सप्लांटच्या चौथ्या आठवड्यातला माणूस घरी ठेवायचा नसतो. विषाणू की औषध हा वाद भरती झाल्यावर घालता येतो, आणि दोन्ही शक्यतांवर एकाच वेळी उपाय सुरू करता येतो. तो करायलाच हवा.

आता निदानाबद्दल. तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण या दोन गोष्टी वरवर फार सारख्या दिसतात. मात्र तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टी, म्हणजे २६ वा दिवस, गेलेली झोप, उतरलेलं सोडियम आणि तेच तेच विचारणं, एकत्र मांडल्या की माझं पारडं विषाणूकडे झुकतं. का, ते सांगते.

ट्रान्सप्लांटनंतरच्या मेंदूच्या आजारात पहिला प्रश्न 'कितवा दिवस?' हाच असतो. पहिल्या पंधरवड्यात डोकं बिघडलं तर बहुतेक वेळा औषधं, जंतुसंसर्ग, प्लेटलेट कमी होऊन झालेला रक्तस्राव ही कारणं असतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एचएचव्ही-६ पुढे येतो. हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. लहानपणी जवळजवळ सगळ्यांना होऊन जातो, तीन ते पाच दिवस ताप, मग अंगावर पुरळ, आणि आयुष्यभर शरीरात पडून राहतो. नव्या पेशी रुजत असतात, प्रतिकारशक्ती जागेवर आलेली नसते, तेव्हा तो उठतो. नाळेच्या रक्तातल्या पेशी दिलेल्यांना धोका सगळ्यात जास्त, त्याखालोखाल जुळणी कमी असलेल्यांना आणि स्टिरॉइड चालू असलेल्यांना. सीएमव्ही हा त्याच कुळातला दुसरा विषाणू मेंदूत जातो तो सहसा उशिरा, तीनेक महिन्यांनंतर, आणि तेही आधी रक्तात वारंवार डोकं वर काढून. मेंदूला इजा करणारा जेसी हा आणखी एक विषाणू त्याहून संथ, महिनोन् महिने घेतो. कांजिण्या-नागिणीचा विषाणू बरेचदा असिक्लोविर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या बंद झाल्यावर येतो. या तारखा काही दगडावरची रेघ नाहीत, पण कुठली तपासणी आधी मागायची ते त्यांच्यावरून ठरतं.

मग माणसाकडे बघायचं. इथे आपल्या भागातली एक अडचण आहे. वॉर्डातली सिस्टर कन्नडमध्ये विचारते, रेसिडेंट डॉक्टर हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि खानापूरच्या जंगलपट्टीतला माणूस गप्प बसतो. केसपेपरवर लिहिलं जातं, 'गोंधळलेला'. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो त्या भाषेत त्याची स्मरणशक्ती तपासायला हवी. मी नातेवाइकांनाच शेजारी बसवून विचारते. आधी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे, रविवारपासून मागे. मग तीन शब्द द्यायचे: काजू, घोंगडं, विहीर. ते लगेच परत म्हणवून घ्यायचे. पाच मिनिटं शेतीचं, पावसाचं बोलायचं आणि पुन्हा विचारायचे.

एचएचव्ही-६ मुळे मेंदूच्या आतल्या स्मरणाच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला सूज आलेला माणूस सुरुवातीला वार बिनचूक उलटे म्हणतो. लग्न कुठल्या साली झालं, भात किती पोती झालं, सगळं सांगतो. पाच मिनिटांनी मात्र ते तीन शब्द त्याला दिले होते हेच त्याला आठवत नाही. दर थोड्या वेळानं तोच प्रश्न येतो, 'म्हशीची धार काढली काय?' उत्तर दिलं की मान हलवतो आणि पुन्हा विचारतो. घरचे म्हणतात, 'बोलतंय बरं, पण डोक्यात काही राहीना झालंय.' नेमकं हेच वाक्य डॉक्टरांच्या कानावर घाला. औषधानं किंवा जंतूंच्या विषारीपणानं डोकं बिघडलेला माणूस उलटे वारच म्हणू शकत नाही. त्याचं लक्ष टिकत नाही, मधेच डुलकी लागते, हात थरथरतात. हा फरक शंभर टक्के खात्रीचा नाही. आजार पुढे गेला की दोघेही सारखेच दिसतात. म्हणून पहिल्या दिवसाचं निरीक्षण मोलाचं, आणि ते डॉक्टरांपेक्षा घरच्यांकडेच जास्त असतं.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या औषधांनी होणारा त्रास वेगळा चेहरा घेऊन येतो. रक्तदाब चढतो, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, मग फिट. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना सूज दिसते. त्यामुळे दाजींचा गेल्या आठवड्यातला रक्तदाब कुणी लिहून ठेवला असेल तर ती वही सोबत न्या. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी सकाळचा डोस घेण्याआधी तपासायची असते, डोस घेऊन दोन तासांनी काढलेल्या रक्तातला आकडा दिशाभूल करतो. आणि पातळी ठीक आली म्हणून हा त्रास नाहीच, असंही म्हणता येत नाही. मॅग्नेशियम बघायला सांगा, या औषधांनी ते उतरतं आणि त्यानंही फिट येते.

गावी आल्यावर कुठल्या दवाखान्यातून काय काय दिलं, तेही आठवून सांगा. खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की टॅक्रोलिमसची पातळी झपाट्यानं चढते, बुरशीविरोधी औषधांनीही तेच होतं. उलट फिटसाठी फेनिटॉइन सुरू केलं की ती पातळी कोसळते आणि दात्याच्या पेशी शरीरावर उलटायची वाट मोकळी होते. तालुक्याच्या गावात फिट म्हटलं की फेनिटॉइनच हाती येतं, देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला लेव्हेटिरासिटाम हे फिटचं दुसरं औषध बरं, त्याचं इतर औषधांशी फारसं वाकडं नाही. किडनी मंदावलेली असताना सेफेपिम हे अँटिबायोटिक चालू असेल तर तेही अशी भ्रमावस्था आणतं. नळीतून किंवा सलाइनमधून बरेच दिवस पोषण चालू असलेल्याला थायमिन (व्हिटॅमिन बी-१) द्यायला विसरू नये.

नॉर्मल एमआरआयबद्दल. एचएचव्ही-६ मध्ये पहिल्या काही दिवसांत एमआरआय नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे त्या एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. आणि तो कसा काढला तेही महत्त्वाचं. फॉर्मवर नुसतं 'फिट आली' लिहिलं तर साधा, झटपट एमआरआय होतो. 'स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर, स्मृतिभ्रंश, हिप्पोकॅम्पस नीट बघावा' असं लिहिलं तर रेडिऑलॉजिस्ट त्या भागाचे बारीक, समोरून घेतलेले काप काढतात. कानशिलाच्या आतल्या बाजूला, बहुधा दोन्हीकडे, पांढुरकी सूज दिसली तर संशय पक्का होतो. तीन-चार दिवसांनी पुन्हा एमआरआय काढायला हरकत नाही, काढावाच. सीडी मात्र जवळ ठेवा. नुसता कागद घेऊन पुण्याला गेलात तर तिथं सगळं पहिल्यापासून होईल.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंदही करून घ्या. बाहेरून हातपाय हलत नसताना आत मेंदूत फिट चालूच असते असे रुग्ण आम्ही नेहमी बघतो. 'नुसतं टक लावून बघतोय, मधेच ओठ चावतोय' असं घरच्यांनी सांगितलं की मी ईईजीच्या खोलीकडे बोट दाखवते.

आता पाठीतलं पाणी. घरच्यांची भीती मला पाठ आहे: पाणी काढलं की माणूस कायमचा कमरेतून जातो. सुई कमरेच्या खालच्या भागात जाते, तिथं मज्जारज्जू संपलेला असतो. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. खरी काळजी घ्यायची ती रक्तस्रावाची, आणि ट्रान्सप्लांटच्या रुग्णात ती घ्यावीच लागते. प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर असाव्यात, काही ठिकाणी ४०,००० वरही करतात. कमी असतील तर आधी प्लेटलेट चढवायच्या आणि त्या इरॅडिएट केलेल्या, म्हणजे किरणांचा मारा दिलेल्याच असल्या पाहिजेत. नाहीतर रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णावर उलटतात, आणि तो प्रकार जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो. प्लेटलेटची पिशवी आली की तिच्यावरचं लेबल वाचा. वाचता आलं नाही तर विचारा, कुणी रागावत नाही, रागावलं तरी विचारा.

पाणी निघाल्यावर ते कुठं आणि कसं जातं यावर निम्मं निदान अवलंबून असतं. पेशींची मोजणी तासाभरात, तिथल्या तिथंच व्हायला हवी, नाहीतर पेशी फुटून जातात. जंतू वाढवून बघायच्या तपासणीची, म्हणजे कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. पीसीआरची, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीची नळी मात्र निर्जंतुक, साधी आणि थंड, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात जायला हवी. बेळगावहून पुणे रस्त्यानं ३४० किलोमीटरच्या आसपास, बेंगळुरू त्याहून लांब. एकाच नळीत सगळं पाणी भरून ती कुणा नातेवाइकाच्या शर्टाच्या खिशातून रातराणी बसनं रवाना झाली तर रिपोर्ट काय येणार? म्हणून सुरुवातीलाच तीन-चार नळ्यांत वाटून घ्यायचं आणि एक जास्तीची नळी प्रयोगशाळेत गोठवून ठेवायला सांगायची. पुढे नवीन शंका आली की तीच उपयोगी पडते. त्याच दिवशीचं रक्तही जोडीला द्यायचं.

पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णाच्या पाण्यात पेशी वाढलेल्या दिसतच नाहीत. पाणी स्वच्छ, पेशी दोन-तीन, प्रोटीन थोडंसं वाढलेलं, आणि तरीही मेंदूला सूज असू शकते. 'पाणी नॉर्मल आहे' हे वाक्य इथं फार लवकर उच्चारलं जातं.

पीसीआरच्या रिपोर्टवर सगळ्यात जास्त घोटाळे होतात. सर, तुम्ही पाठवलेल्या कागदावर 'रक्तात एचएचव्ही-६ सापडला' एवढंच आहे. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या साधारण निम्म्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्या काही आठवड्यांत सापडतो, आणि त्यातल्या फार थोड्यांच्या मेंदूला इजा होते. गल्लीत मांजर दिसलं म्हणून आपल्या घरातलं दूध त्यानंच सांडलं असं होत नाही. किती विषाणू आहे तो आकडा हवा, तो वाढतोय की उतरतोय ते हवं, आणि मुख्य म्हणजे पाठीतल्या पाण्यात तो आहे का ते हवं.

त्यातही एक गंमत आहे. सुमारे शंभरातल्या एका माणसात हा विषाणू जन्मापासूनच गुणसूत्रात शिवलेला असतो. आई-बापाकडून आलेला, प्रत्येक पेशीत एकेक प्रत. अशा माणसाच्या रक्ताची तपासणी केली की आकडा लाखांत येतो आणि तो ठणठणीत असतो. आता असा माणूस दाता असला तर? नव्या पेशी रुजायला लागतात, पांढऱ्या पेशी चढतात, तसतसा विषाणूचा आकडाही चढत जातो. सगळे घाबरतात, जड औषधं सुरू होतात, पेशी पुन्हा उतरतात, आणि आजार मुळात नसतोच. दाजींचा दाता सख्खा भाऊ आहे, म्हणजे ही गोष्ट दोघांतही असू शकते किंवा एकातच. सोडवायचा मार्ग सोपा आहे. दात्याचं रक्त आणि दाजींचं ट्रान्सप्लांटच्या आधीचं रक्त, जे बहुतेक केंद्रांवर साठवलेलं असतं, त्यांत हा विषाणू भरमसाट आहे का बघायचं. नखं किंवा मुळासकट केसही चालतात. आणि संपूर्ण रक्ताऐवजी प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला पातळ भाग तपासला तर पेशींतल्या प्रतींचा गोंधळ बराच कमी होतो. या बाबतीत घाईनं औषध बंद मात्र करू नका. लक्षणं खरी असतील तर चौकशी चालू असताना उपचारही चालूच राहतात.

तयार पॅनलबद्दल थोडं. एका काडतुसात चौदा जंतू तपासणारी यंत्रं आता बऱ्याच ठिकाणी आली आहेत, तासाभरात उत्तर देतात. चांगली सोय आहे. पण ती हो किंवा नाही एवढंच सांगतात, किती ते सांगत नाहीत. त्यांच्या यादीत एचएचव्ही-६, सीएमव्ही, हर्पिस, कांजिण्यांचा विषाणू आहेत. जेसी, ईबीव्ही, अडिनो हे विषाणू नाहीत, क्षयही नाही. 'पॅनल निगेटिव्ह' असं ऐकलं की यादी मागून घ्या. सुई टोचताना रक्त मिसळलं असेल तर रक्तातला विषाणू पाण्यात आल्यासारखा दिसतो, तेही लक्षात ठेवा. साध्या हर्पिसचा पीसीआर पहिल्या तीन दिवसांत चुकून निगेटिव्ह येऊ शकतो, संशय दाट असेल तर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढावं लागतं.

अँटिबॉडीच्या तपासण्यांवर या रुग्णांत भरवसा ठेवू नका. ज्याची प्रतिकारशक्तीच नवीन लागलीय त्याच्यात अँटिबॉडी तयार होत नाहीत, आणि वर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्त चढवलेलं असेल तर दुसऱ्याच्याच अँटिबॉडी मोजल्या जातात. अपवाद कांजिण्यांच्या विषाणूचा. तो मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजवून पक्षाघात आणतो, अंगावर एकही फोड नसताना, आणि तिथं पाण्यातला पीसीआर हुकला तरी पाण्यातल्या अँटिबॉडीवरून कधी कधी पत्ता लागतो.

तुम्ही खानापूरचे आहात म्हणून एक जास्तीचं. काजूच्या हंगामात घरातलं कुणी गोव्याकडे, सत्तरी किंवा दोडामार्गच्या बाजूला बागेत कामाला जाऊन आलं असेल, माकडं मेल्याची बातमी असेल, गोचीड चावलेली असेल तर डॉक्टरांना सांगा. क्यासनूर जंगलाचा ताप १९५७ साली शिवमोग्ग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला आणि नंतर घाट ओलांडून या पट्ट्यात आला. गोचीड चावल्यानं होणारा हा आजार काही जणांत थोडं बरं वाटून पुन्हा उलटतो, आणि त्या दुसऱ्या फेरीत मेंदूवर येतो. दाजींच्या बाबतीत मला ही शक्यता कमी वाटते, पण डिसेंबर ते मे या महिन्यांत मी हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत याची तपासणी होते. आणि क्षयरोग. विषाणूंच्या नादात मेंदूचा क्षय सुटला असं आपल्याकडे व्हायला नको, त्यासाठीही पाण्याची वेगळी नळी आणि पाण्याचं प्रमाण जरा जास्त लागतं.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण डोस ट्रान्सप्लांट टीमच ठरवेल. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं. शिरेतून असिक्लोविर दिलं की हर्पिस आणि कांजिण्यांचा विषाणू झाकला जातो, एचएचव्ही-६ मात्र त्याला दाद देत नाही. त्याला गॅन्सिक्लोविर किंवा फॉस्कारनेट लागतं. पहिलं नव्यानं रुजलेल्या पेशींना खाली ओढतं, दुसरं किडनीला आणि क्षारांना. सव्विसाव्या दिवशी पेशी नाजूक असतील तर मी फॉस्कारनेटकडे झुकते, पण ते सगळीकडे हाताशी नसतं, म्हणून भरती होण्याआधीच फोनवर विचारून घ्या. दाजींना सीएमव्हीसाठी लेटरमोविरच्या गोळ्या चालू असतील तर 'विषाणूचं औषध चालूच आहे' अशी समजूत करून घेऊ नका. ते एचएचव्ही-६ वर चालत नाही.

सोडियम १२२ हे चटकन १३५ वर न्यायचं नसतं. चोवीस तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढवलं तर मेंदूलाच इजा होते. गावात सलाइन लावून 'सोडियम भरून' पाठवायची घाई कुणी करू नये. फिट चालू असेल तर रुग्णालयातले डॉक्टर ते सुरुवातीला मोजून थोडं चढवतात, तो भाग त्यांच्यावर सोडा.

निघताना एका पिशवीत ट्रान्सप्लांटचं डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांसकट सगळी औषधं, एमआरआयची सीडी, रक्तदाबाची वही आणि शेवटच्या आठवड्यातले सगळे रक्ताचे रिपोर्ट घ्या. दात्या भावाला सोबत न्या, त्याचं रक्त लागेलच. वाटेत फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा कांदा घालायचा नाही.

बरं होण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची बहीण विचारेल. औषध साधारण तीन आठवडे चालतं, पाणी पुन्हा तपासून मग थांबवतात. माणूस वाचतो तेव्हाही काही जणांची नवीन गोष्ट लक्षात ठेवायची ताकद कमी राहते, आणि उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं नुकसान कमी होतं. पहिले काही महिने औषधांच्या वेळा दाजींच्या भरवशावर ठेवू नका. टॅक्रोलिमसचा डोस दोनदा घेतला गेला किंवा चुकला, तर दोन्हीचे परिणाम वाईट आहेत. बहिणीनं समोर उभं राहून गोळी द्यावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी.